पाठमोरं वजन

दर मंगळवारी सकाळी सव्वाआठला
मी काट्यावर उलटा उभा राहतो.
तोंड भिंतीकडे, पाठ आकड्याकडे.
नर्स पिर्क्को वाकते, वाचते, लिहून घेते.
मी तिचा श्वास ऐकतो,
श्वासावरून किलो ओळखू पाहतो.
जुनी खोड.

भिंतीवर कुओपिओचा नकाशा आहे.
सरोवर निळं, बेटं हिरवी,
आणि टेकडीवर एक बारीक काळी रेघ :
स्कीवाल्यांची उडी तिथून सुटते.
तिथून मी नऊ वर्षं उडालो.

लोकांना वाटतं, उडायला धाडस लागतं.
वजाबाकी लागते.
एक किलो कमी, दोन मीटर जास्त.
कोच रौतिओ हे गणित सॉनात शिकवायचा,
सगळ्यांसमोर,
माझ्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून :
"ही कुणाची रे? ही कशाला आणलीस वर?"
सगळे हसायचे.
मीही.
तेरा वर्षांचा होतो.

"मग काय केलंस?" आइला विचारते.
ती माझी थेरपिस्ट. लोकरीचे मोजे घालून बसते,
आणि प्रश्न विचारून झाल्यावर
घड्याळाकडे बघत नाही.

काय करणार?
पोटातल्या कावळ्यांना गप्प बसायला शिकवलं.
आधी ओरडले, मग कुजबुजले,
मग एके दिवशी आत
नुसता बर्फ.
मला वाटलं, जिंकलो.
झोप उडाली, केस उडाले,
अन्नावरची वासना उडाली,
सगळ्यात शेवटी मी.

वजन फार घटलं तर स्की आखूड करतात, असा नियम आहे.
माझं सगळंच आखूड होत गेलं.
स्की. रात्र. वाक्यं.
पेपरात फोटो आला तेव्हा आईनं तो फ्रिजवर लावला.
फ्रिजच्या दारावर हवेत मी,
आणि दाराबाहेर मी,
दार उघडायचं कुणी?

आइला म्हणते, "तू सारखं 'आम्ही' म्हणतोस.
आम्ही उडायचो. आम्ही जेवायचो नाही."
मी म्हणतो, टीम होती.
ती म्हणते, "बरं."
तिच्या त्या 'बरं'ला वजन असतं.
माझ्या शब्दांचं मी केव्हाच उतरवलंय.

कोचचं म्हणाल, तर ती चेष्टा होती.
असं मी तिला निदान सहा वेळा सांगितलं.
सातव्यांदा ती म्हणाली,
"चेष्टा होती, तर आत्ता तुझा हात पोटावर का आहे?"
खाली पाहिलं.
होता.
स्वेटरच्या आत, मुठीत कातडी धरून,
दुसऱ्या कुणाच्या तरी हातासारखा.

त्या दिवशी पुढं काही बोलणं झालं नाही.
खिडकीवर बर्फ पडत होता,
काचेला चिकटत होता आणि घसरत होता.

आई फोनवर विचारते, खाल्लेलं अंगी लागतंय का?
हो म्हणतो.
अंगाला आधी काय काय लागलंय,
ते निघायला किती दिवस जातील,
हे तिला फोनवर कसं सांगू.

आज गुरुवार.
या देशात शाळेत, सैन्यात, तुरुंगात, दवाखान्यात
गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं.
आमच्या टेबलावर सहा जण. बाह्या वर, वेळ अर्धा तास,
अन्नाबद्दल बोलायचं नाही.
समोर तूलिक्काबाई, निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट,
राईच्या पावाचे सोळा तुकडे करतात,
मग सोळाही मोजतात.
आम्ही एकमेकांकडे बघत नाही. सगळं दिसतं.

पहिला चमचा. दुसरा.
घास गळ्यापाशी थांबतो,
उडीच्या टोकावर थांबायचो तसा.
तिथून मागं फिरता येत नसे.
इथं येतं. म्हणून जास्त अवघड.

सातव्या चमच्याला मला कळलं
की सूप अळणी आहे.
अळणी!
किती वर्षांनी अन्नाला मी नावं ठेवली.

"मोहरी आहे का?" मी विचारलं.
टेबल गप्प झालं.
तूलिक्काबाईंचा अकरावा तुकडा हवेतच राहिला.
आइला उठली, पलीकडच्या टेबलावर गेली,
तिथली बाटली रिकामी होती, हलवून पाहिली,
मग आत स्वयंपाकघरात गेली.

सूपावर साय धरतेय.
मी वाट बघतोय.
आत, अगदी खोल, बर्फाखाली कुठंतरी
एक कावळा
घसा खाकरतोय.